पेशी काढायची तारीख पुढे ढकलू नका

पत्र, थोडक्यात : "माझे वडील ६१ वर्षांचे. दीड वर्षापूर्वी डिफ्यूज लार्ज बी-सेल लिंफोमा हा लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला. आर-चॉप या केमोच्या ६ सायकल झाल्या, पेट स्कॅन स्वच्छ आला, आणि आठव्या महिन्यात मानेत पुन्हा गाठी. दुसऱ्या केमोच्या २ सायकल होऊनही गाठी आहेत तेवढ्याच आहेत. मुंबईच्या डॉक्टरांनी कार-टी (रक्तातल्या स्वतःच्याच पेशी बदलून परत देणं) सुचवलंय, पेशी काढायला पुढच्या पंधरवड्यातली तारीख मिळतेय. इकडे काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला : आता पेशी बाहेर काढायची गरजच नाही, एका इंजेक्शनने शरीरातच कॅन्सर मारणाऱ्या पेशी तयार होतात, केमोही नको. भाऊ म्हणतो, सहा महिने थांबू, तेच घेऊ, स्वस्तही पडेल. एका एजंटने चीनमधल्या चाचणीत नाव घालतो म्हणून ८ लाख आगाऊ मागितलेत. बाबांना तर त्या मशीनचीच भीती वाटते. थांबावं का? – एक मुलगी, सांगली जिल्हा"

ताई, थांबू नका. मिळाली ती तारीख पक्की करा आणि मग हे पुढचं सावकाश वाचा, भावालाही वाचायला द्या.

काकांचा व्हिडिओ थापेबाजीचा नाही, हे आधी कबूल करू. शरीरातच कार-टी पेशी घडवण्याचं काम खरोखर चालू आहे आणि माणसांवर त्याच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. फक्त व्हिडिओत दाखवलेली गोष्ट आणि तुमच्या बाबांच्या मानेतली गाठ यांची वेळ जुळत नाही. दुसऱ्या केमोला दाद न देणारा हा लिंफोमा सहा महिने गप्प बसून राहत नाही.

आज बाबांना जे सुचवलंय ते असं आहे. रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे आजाराशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, मशीनने वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत त्यांना आधी जागं करतात, मग लेंटिव्हायरस नावाच्या, स्वतःची वाढ करण्याची ताकद काढून घेतलेल्या विषाणूच्या पाठीवरून एक जनुक त्यांच्यात घालतात. त्या जनुकामुळे पेशीच्या अंगावर 'कार' नावाचा हुक उगवतो. तो हुक सीडी१९ ही खूण पकडतो. ही खूण बी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर असते, म्हणून बहुतेक बी-सेल लिंफोमांवरही असते. पेशी वाढवायच्या, त्यात जंतू नाहीत ना, हुक किती टक्क्यांवर बसलाय, हे तपासायचं, गोठवायचं. मग बाबांना साधारण ३ दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमो देऊन शरीरात जागा करायची आणि पेशींची पिशवी शिरेतून चढवायची. हे चढवणं काही मिनिटांचंच काम. पेशी काढण्यापासून चढवण्यापर्यंत मात्र ३ ते ६ आठवडे जातात.

नव्या पद्धतीत मधली प्रयोगशाळाच गाळायची. जनुक थेट शिरेतून सोडायचं आणि टी-पेशींनी ते रक्तातच उचलायचं. सांगायला एका ओळीचं, पण सगळी मेख पत्त्यात आहे. नेहमीच्या लेंटिव्हायरसवर व्हीएसव्ही या जनावरांच्या विषाणूचं आवरण चढवलेलं असतं. हे आवरण पेशीत शिरायला एलडीएल रिसेप्टर वापरतं, आणि तो शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीवर असतो. प्रयोगशाळेतल्या पिशवीत टी-पेशींशिवाय दुसरं फारसं काही नसतं, त्यामुळे पत्ता चुकायचा प्रश्नच येत नाही. तोच विषाणू शिरेत सोडला तर तो यकृतात, प्लीहेत, कुठेही उतरेल. शिवाय माणसाच्या रक्तातली, जंतूंवर तुटून पडणारी पूरक प्रथिनं त्याला वाटेतच मारतात. म्हणून हे करणाऱ्यांना आवरणच बदलावं लागतं : त्याची सरसकट चिकटण्याची सवय मोडायची आणि फक्त टी-पेशीवरची एखादी खूण, कुठे सीडी३, कुठे सीडी७, कुठे सीडी८, ओळखणारा तुकडा बसवायचा. त्यातही झोपलेली टी-पेशी लेंटिव्हायरसला सहज आत घेत नाही. म्हणून काहीजण त्याच आवरणावर पेशीला जागं करणारी प्रथिनंही बसवतात.

दुसरं वाहन म्हणजे चरबीचे अतिसूक्ष्म कण, ज्यांत एमआरएनए, म्हणजे प्रथिन कसं बनवायचं याची पेशीसाठीची तात्पुरती चिठ्ठी, भरलेलं असतं. कोविडच्या एमआरएनए लशींत वापरले त्याच घराण्यातले. हे कण शिरेत सोडले की रक्तातलं एपीओई नावाचं प्रथिन त्यांना चिकटतं आणि थेट यकृताकडे घेऊन जातं. टी-पेशींकडे वळवायचं तर कणांवर सीडी५ किंवा सीडी८ ओळखणारी अँटिबॉडी लावावी लागते. एमआरएनए पेशीच्या जनुकसंचात मिसळत नाही, काही दिवसांत विरून जातं, त्याबरोबर हुकही जातो. यात सुरक्षितता आहे आणि अडचणही आहे. ल्युपससारख्या, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा आजारात बी-पेशी एकदा झाडून काढल्या की काम होतं, तिथे हे शोभतं. लिंफोमात लपून बसलेल्या शेवटच्या पेशीपर्यंत पिच्छा पुरवायचा असतो. चार दिवसांचा पाहुणा त्याला पुरतो की पुन्हा पुन्हा डोस द्यावे लागतात, हे अजून ठरायचंय.

आता निकाल. २०१७ मध्ये सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातल्या गटाने उंदरांच्या शरीरात डीएनए भरलेले नॅनोकण वापरून कार-टी पेशी बनवून दाखवल्या. माणसांतला सर्वांत चर्चेतला अहवाल २०२५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला : चीनमधल्या वूहान इथे ईएसओ-टी०१ हे लेंटिव्हायरसवर आधारलेलं औषध ४ रुग्णांना दिलं, पेशी काढल्या नाहीत, आधीची केमो दिली नाही. दोघांत आजाराचा मागमूस उरला नाही, दोघांत तो काही प्रमाणात ओसरला. चांगली बातमी आहेच. पण रुग्ण ४ होते आणि आजार मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतला कर्करोग होता, हुक बीसीएमए या वेगळ्या खुणेचा होता. बाबांचा आजार तो नाही. बी-पेशींच्या कर्करोगासाठी इंटेरियस कंपनीच्या औषधाचा पहिला डोस २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात दिला गेला, तिथला हुक सीडी२० ही बी-पेशींवरची दुसरी खूण पकडतो. एमआरएनएच्या बाजूचा माणसांतला गाजलेला अहवाल ल्युपसच्या रुग्णांचा आहे. २०२५ मध्ये अॅबव्हीने याच क्षेत्रातली कॅपस्टन ही कंपनी २.१ अब्ज डॉलरपर्यंतच्या सौद्यात घेतली, अॅस्ट्राझेनेकाने ईएसओ-टी०१वाली ईसोबायोटेक घेतली. म्हणून व्हिडिओंचा पूर आलाय. कंपन्या विकल्या जाणं आणि रुग्णाला औषध मिळणं यांत काही वर्षांचं अंतर असतं.

भावाचा मुद्दा रास्त वाटतो म्हणून त्याला थोडी जागा देऊ. तो म्हणेल, मशीन नको, प्रयोगशाळा नको, केमो नको, मग वाईट काय? तीन गोष्टी त्याला सांगा.

पहिली. बाहेर पेशी बनवताना काय बनलंय ते रुग्णाला देण्याआधी तपासता येतं. शरीरात बनवताना रुग्णच कारखाना असतो, माल आधी बघता येत नाही. एकाच डोसवर एकाच्या रक्तात भरपूर कार-टी पेशी उगवतील, दुसऱ्याच्या जेमतेम. त्या चुकीच्या पेशीत उगवल्या तर परत बोलावता येत नाहीत. हे किती महागात पडू शकतं याचं उदाहरण २०१८ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये छापून आलं, आणि तेही बाहेर, प्रयोगशाळेत पेशी बनवताना घडलेलं. ल्युकेमियाच्या एका तरुण रुग्णाच्या टी-पेशींबरोबर एकच कर्करोगी बी-पेशी चुकून मिसळली होती. जनुक तिच्यातही शिरलं. तिच्या अंगावर हुक उगवला आणि तो तिच्याच सीडी१९ला चिकटून बसला. खूण झाकली गेली, बाकीच्या कार-टी पेशींना ती दिसेना, आणि तिच्या एकटीच्या पिलावळीतून आजार उलटला. एक पेशी! आता विचार करा, जिथे रक्तात कर्करोगी बी-पेशी फिरतायत तिथेच विषाणू सोडायचा असेल तर आवरणाचा पत्ता किती काटेकोर हवा. शिवाय लेंटिव्हायरस जनुकसंचात कायमचा बसतो. म्हणून अशा रुग्णांवर १५ वर्षं लक्ष ठेवण्याची शिफारस आहे.

दुसरी. 'केमो नको' म्हणजे 'त्रास नको' असं समजू नका. वूहानच्या चौघांनाही सायटोकाइन रिलीज सिंड्रोम, म्हणजे सीआरएस, झाला. पेशी कामाला लागल्या की ताप येतो, रक्तदाब पडू शकतो, ऑक्सिजन लागू शकतो. पेशी कुठे बनल्या याच्याशी त्याचा संबंध नाही. वर, विषाणूचा डोस शिरेत गेल्यावर पहिल्या काही तासांतली प्रतिक्रिया ही वेगळीच भानगड.

तिसरी, आणि तुमच्यासाठी हीच सर्वांत महत्त्वाची. कच्चा माल दोन्हीकडे एकच आहे : बाबांच्या स्वतःच्या टी-पेशी. थांबण्याच्या सहा महिन्यांत गाठ दाबून ठेवायला आणखी केमो द्यावी लागेल, आणि प्रत्येक केमोगणिक या पेशी कमी आणि थकलेल्या होत जातील. म्हणजे उद्या ते इंजेक्शन मिळालं तरी ते ज्यांच्यात शिरायचं त्या पेशीच दमलेल्या असतील. शरीरात बनवल्याने हा प्रश्न सुटत नाही. पेशी आज काढून गोठवल्या तर निदान आजच्या अवस्थेतल्या हातात राहतात.

स्वस्ताईबद्दल : प्रत्येक रुग्णासाठी वेगळी प्रयोगशाळा लागणार नाही, म्हणून पुढे किंमत उतरेल ही आशा वाजवी आहे. सहा महिन्यांत उतरणार नाही. शुद्ध लेंटिव्हायरस बनवणं हेच मुळात महाग काम आहे आणि शिरेतून द्यायला तो जास्त लागतो.

एजंटचा विषय एका परिच्छेदात संपवू. खऱ्या चाचणीत प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत आणि 'नाव घालण्याची' फी नसते. त्याच्याकडे चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. भारतातली असेल तर सीटीआरआय या चाचण्यांच्या नोंदणीवर, चीनमधली असेल तर चिनी नोंदणीत किंवा अमेरिकेच्या क्लिनिकलट्रायल्सवर तो क्रमांक टाकून बघा. रुग्णालयाचं नाव जुळतं का, भरती चालू आहे का, आजाराच्या नावात लिंफोमा आहे का, परदेशी रुग्ण घेतात का. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली की बोलणं तिथेच थांबवा, आगाऊ एक रुपया देऊ नका. भारतात नोंदलेल्या चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. एजंटच्या पावतीवर यातलं काहीच मिळत नाही. आणि 'इम्यून सेल थेरपी' म्हणून एनके पेशी किंवा डेंड्रिटिक पेशी विकणारे दवाखाने कार-टी विकत नाहीत, नाव कितीही जवळचं वाटो.

आता कामाचं.

डॉक्टरांना आजच फोन करून विचारा : पेशी काढेपर्यंत कुठली औषधं टाळायची? त्यात बेंडामस्टिन या केमोच्या औषधाचं नाव मुद्दाम घ्या. पेशी काढण्याआधीच्या काही महिन्यांत बेंडामस्टिन दिलं असेल तर टी-पेशी खराब मिळतात आणि कार-टीचा परिणाम घटतो, हे लिंफोमात दिसून आलंय. गावाजवळच्या डॉक्टरांनी गाठ दाबायला म्हणून ते सुरू केलं, असं होऊ देऊ नका. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर पेशी काढण्याच्या काही दिवस आधी त्या थांबवतात. पण किती दिवस आणि कशा उतरवायच्या हे तेच सांगतील, आपल्या मनाने बंद करू नका. लिंफोसाइटचा आकडा, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, हिपॅटायटिस बी, एचआयव्ही, टूडी इको हे रिपोर्ट एका फायलीत लावा. एक तपासणी लोक विसरतात : उलटलेल्या गाठीची ताजी बायोप्सी आणि तीवर सीडी१९ आहे का. खूणच नसेल तर हुक काय पकडणार?

मशीनची भीती. मशीनने पेशी काढण्याला ल्युकाफेरेसिस म्हणतात, त्याला ३ ते ५ तास लागतात. एका हातातून रक्त निघतं, मशीनमध्ये फिरून पांढऱ्या पेशींचा थर बाजूला होतो, बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत जातं. शिरा बारीक झाल्या असतील, केमोनंतर होतातच, तर मानेतून किंवा जांघेतून तात्पुरती नळी घालतात. एका वेळी शरीराबाहेर फार थोडं रक्त असतं. रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट कॅल्शियम ओढून घेतं, म्हणून ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. बाबांना हे आधीच सांगून ठेवा आणि मुंग्या आल्या की लगेच बोला म्हणावं, कॅल्शियम दिलं की जातात. न सांगता सहन करत बसणारे पेशंटच जास्त घाबरतात. आदल्या दिवशी भरपूर पाणी, सकाळी नीट नाश्ता, कोपराच्या वर सरकणाऱ्या बाह्यांचा सदरा.

पेशी बनत असतानाच्या आठवड्यांत गाठ वाढू नये म्हणून मधली केमो किंवा रेडिएशन देतात. तिला ब्रिजिंग म्हणतात. ही चुकवू नका. चढवताना गाठींचा भार जितका कमी, तितका त्रास कमी.

भारतात लिंफोमासाठी मिळणारं नेक्सकार१९ हे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेलं औषध. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. 'लॅन्सेट हेमॅटॉलॉजी'मध्ये छापलेल्या चाचणीत ६४ रुग्ण होते. परिणाम मोजता आला अशा ५१ पैकी ७३ टक्क्यांनी प्रतिसाद दिला. प्रतिसाद म्हणजे कायमचं बरं होणं नव्हे. अमेरिकेतल्या अशाच एका औषधाच्या जुन्या चाचणीत, मोठ्या बी-पेशींच्या लिंफोमाचे साधारण ४३ टक्के रुग्ण ५ वर्षांनंतर हयात होते. हा आकडा बाबांना सांगायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण भावाला सांगा. सहा महिने थांबून यापेक्षा खात्रीचं काही मिळेल असं दाखवणारा कागद आज कुणाकडे नाही.

खर्च : नेक्सकार१९ची किंमत बाजारात आली तेव्हा ३० ते ४० लाखांच्या घरात सांगितली जात होती. तो झाला औषधाचा आकडा. रुग्णालयाकडून पूर्ण अंदाजपत्रक लेखी घ्या : ब्रिजिंग, खोली, आयसीयूचे दिवस, सीआरएसवरचं टोसिलिझुमॅब, नंतरची इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं. विमा कंपनीला पूर्वमंजुरीसाठी लेखी विचारा, तोंडी 'हो'वर जाऊ नका. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना पहिल्याच भेटीत गाठा. मुख्यमंत्री सहायता निधी आणि ट्रस्टांची मदत तुकड्यातुकड्याने येते आणि कागदांना वेळ लागतो.

आणि पर्याय ठेवूनच ठेवायचा असेल तर चीनचं इंजेक्शन ठेवू नका, बायस्पेसिफिक अँटिबॉडीबद्दल विचारा. ग्लोफिटामॅब हे त्यातलं एक. या अँटिबॉडीचा एक हात टी-पेशीला धरतो, दुसरा बी-पेशीवरच्या सीडी२०ला. जनुक नाही, पेशी काढणं नाही, औषध बाटलीत तयार असतं. खरं तर काकांना हवं असलेलं 'शरीरातच टी-पेशी कामाला लावणारं इंजेक्शन' हेच, फक्त ते एकदाच देऊन भागत नाही. आधी ओबिनुटुझुमॅब ही दुसरी अँटिबॉडी, मग २.५, १०, ३० मिलिग्रॅम असं चढत्या पायरीने, आणि एकूण १२ सायकल. कार-टी काही कारणाने हुकलं, पेशी नीट वाढल्या नाहीत (असं होतं), किंवा नंतर आजार उलटला, तर हे हाताशी असावं. कार-टी घेतलेल्यांना शरीरातल्या कार-टीच्या काही चाचण्यांत पुढे घेत नाहीत, हे खरं. तेवढ्यासाठी आजचा उपचार सोडायचा नसतो.

पेशी चढवल्यावर पहिले काही आठवडे मुंबईतच राहायचं, रुग्णालयापासून फार लांब नको. सांगलीचा रस्ता सात-आठ तासांचा आहे, ताप त्याची वाट बघत नाही. थर्मामीटर दोन ठेवा. १००.४ फॅरनहाइट दिसलं की घरी पॅरासिटामॉल देऊन बघत बसायचं नाही, आधी वॉर्डला फोन. सीआरएस वाढला तर टोसिलिझुमॅब देतात, वजनाच्या किलोमागे ८ मिलिग्रॅम, कमाल ८००. ते रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये आधीपासून आहे ना, एवढं पेशी चढवण्याआधी विचारायला लाजू नका.

मेंदूवर परिणाम होतोय का हे बघायला वॉर्डात रोज १० गुणांची छोटी तपासणी घेतात. वर्ष, महिना, शहर, रुग्णालय सांगा, याचे ४. तीन वस्तूंची नावं, ३. एक सूचना पाळून दाखवा, १. शंभरपासून दहादहाने उलटे मोजा, १. आणि एक वाक्य लिहा, १. हे मराठीत घ्यायला सांगा, नाहीतर भाषेमुळे गुण जायचे आणि कारण मेंदूचं समजलं जायचं. वाक्य रोज एकच असू द्या, बाबांच्या हातवळणीचं : गावाचं नाव, शेताचा गट नंबर, काहीही. पेशी चढवण्याच्या आदल्या दिवशी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. अक्षर त्या पानाच्या मानाने वाकडं दिसायला लागलं, ओळ खाली घसरली, तर ताप नसला तरी नर्सला बोलवा. वही सांभाळायचं काम भावाला द्या.